मंदिराच्या आवारातील उजेड

(जीर्णोद्धारानिमित्त ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

॥ श्री ॥



मंदिराचा जीर्णोद्धार ही गावाच्या आयुष्यात एखाद्याच पिढीला लाभणारी गोष्ट होय. या कार्यासाठी कोणी रोख रक्कम दिली, कोणी धानाची पोती दिली, कोणी विटा-वाळू पोचविली आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. त्या सर्वांच्या पुण्याईने मंदिर उभे राहिले. आता विषय उरतो तो मंदिरापुढील मोकळ्या जागेचा. या जागेत भाविकांची वाहने उभी राहतात आणि रात्री कार्यक्रम आटोपल्यावर म्हातारी माणसे, बायाबापड्या व लेकुरे याच जागेतून घराकडे निघतात. तेथे दिवे हवेत, याबद्दल दुमत नाही. ते किती, कोठे, कसे आणि कोणाच्या भरवशावर, एवढाच प्रश्न आहे. विषय दिसायला लहान आहे. पण तो नीट न सोडविल्यास पैसा जातो, आणि प्रसंगी माणूसही जातो. म्हणून त्याचा चार अंगांनी विचार होणे अगत्याचे आहे.

पूर्वीच्या लोकांनीही हा विचार केला होता. महाराष्ट्रातील जुन्या देवळांपुढे दगडी दीपमाळ असे. ती उत्सवाच्या दिवशी पाजळली जाई. रोजच्या वापराचा दिवा मात्र भिंतीतल्या कोनाड्यात, देवडीत, पायरीच्या बाजूला असे. म्हणजे शोभेचा दिवा उंचावर आणि पावलांचा दिवा पावलांजवळ, अशी सरळ विभागणी होती. नंतर गॅसबत्त्या आल्या. झाडीपट्टीतील मंडईत रात्रभर दंडार आणि नाटके चालत ती याच बत्त्यांच्या उजेडात. त्या काळी माणसे पायी येत, फार तर बंडी किंवा रेंगी जुंपून येत. आता दिवाळीनंतरच्या मंडईला मोटारसायकली, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जीपगाड्या आणि ऑटो येतात. बपेरा हे तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. सिहोरा-तुमसरकडील माणसे जशी येतात तशी पलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातील सोयरेमंडळीही येतात. त्यांना गावाच्या वाटा, नाल्या, ओटे ठाऊक नसतात. पायी चालणारा आणि मागे सरकणारा ट्रॅक्टर एकाच अंधार्‍या जागेत आले म्हणजे धोका कोणता, हे सांगावयास नको.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा की, एक उंच खांब उभा करावा, त्यावर मोठमोठे झोत बसवावे आणि सारे आवार दिवसासारखे लख्ख करावे. देणगी देणार्‍यालाही हाच उपाय आवडतो, कारण असा खांब दुरून दिसतो. परंतु जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षितता हा समज अर्धाच खरा आहे.

माणसाच्या डोळ्यांत झोत शिरला की बाहुली आकसते. मग झोताच्या पलीकडे अंधारात उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. समोरून मोटारीचा मोठा दिवा आल्यावर जे होते, तेच येथे होते. उजेडातून एकदम अंधारात आलेल्या डोळ्याला पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, त्यांना झोताभोवती धुरकट कडे दिसते व पुढची पायरी दिसत नाही. एकाच उंच दिव्याची दुसरी अडचण सावलीची. दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या सावलीत लेकरू खेळत असले तर चालविणार्‍यास ते दिसणार नाही. म्हणून तज्ज्ञ मंडळी आधी उजेड समान पसरला आहे किंवा नाही ते पाहतात आणि मग तो किती आहे ते मोजतात.

उजेड मोजण्याचे माप लक्स हे आहे. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याचा प्रकाश जमिनीवर साधारण पाव लक्स भरतो. कोजागरीच्या रात्री त्या चांदण्यात माणसे वाट चुकत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. युरोपातील मानकाप्रमाणे कमी वर्दळीच्या वाहनतळाला सरासरी ५ लक्स, मध्यम वर्दळीच्या जागेला १० लक्स आणि मोठ्या गर्दीच्या जागेला २० लक्स पुरेसे धरले जातात. म्हणजे ५ लक्स झाले तरी वीस पौर्णिमांचा उजेड झाला! गावच्या मंदिराला नेहमीच्या दिवशी याहून जास्तीची गरज नाही. मंडईच्या चार दिवसांकरिता वर्षाचे ३६५ दिवस लखलखाट ठेवणे हे लग्नाचा मांडव वर्षभर ठेवण्यासारखे आहे.

आता मांडणीचा विचार. खांब उभे करण्यापूर्वी एका रात्री चार जाणत्या माणसांनी कंदील किंवा बॅटरी घेऊन सारे आवार पायी फिरावे. ठेच कोठे लागते, पाणी कोठे साचते, नाली कोठे उघडी आहे, विहीर किंवा हातपंप कोणत्या बाजूस आहे, वाहन वळते कोठे, हे सर्व चुन्याने आखून घ्यावे. दिव्यांच्या जागा या आखणीवरून ठराव्यात. वाहने आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी असावी. माणसांची पायवाट वाहनांच्या वाटेला शक्य तो छेदू नये, आणि जेथे छेदणे टळत नाही तेथे एक दिवा अवश्य असावा. बैलबंड्या दूरच्या झाडाखाली, ट्रॅक्टर-ट्रॉल्या कडेला आणि मोटारसायकली मंदिराकडील बाजूस, अशी वाटणी केली म्हणजे दिव्यांची संख्याही आपोआप कमी होते.

समजा जागा सव्वाशे फूट लांब व शंभर फूट रुंद आहे. तेथे सोळा-सतरा फूट उंचीचे आठ खांब दोन रांगांत चार-चार लावले आणि प्रत्येकावर २० वॅटचा चांगला एलईडी दिवा बसविला, तर ५ लक्सच्या आसपास उजेड सर्वत्र पोचतो. दोन खांबांमधील अंतर खांबाच्या उंचीच्या साडेतीनपटीहून जास्त असू नये, असा ठोकताळा आहे. खांबाच्या बुडाशी अडीच फूट उंचीचा सिमेंटचा ओटा असावा, म्हणजे ट्रॉलीचा धक्का खांबाला बसणार नाही. त्या ओट्याला पांढरा पट्टा मारावा. मंदिराच्या पायर्‍यांजवळ मात्र जुन्या कोनाड्याचीच रीत बरी. कमी वॅटचा दिवा कमी उंचीवर, वरून झाकलेला असावा, म्हणजे पायरीची कड स्पष्ट दिसते.

दिव्याचे तोंड कोणीकडे, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. याचे उदाहरण शेजारच्या नागपूर जिल्ह्यातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे निखळ आकाश जपणारे उद्यान, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यावरील व सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसविण्यात आले. त्या गावांना अंधारात ठेवून हा मान मिळविलेला नाही. आकाशात वाया जाणारा उजेड तेवढा तेथे रस्त्यावर आणला गेला. जंगलालगतच्या खेड्यांना जे साधले ते बपेर्‍यास अवघड नाही.

आणि येथे आकाशाइतकाच धानाचाही प्रश्न आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. मंदिराच्या आवारापलीकडे बांधी असते. धानावरील खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे दिव्याकडे झेपावतात, हे शेतकर्‍यास सांगणे नलगे. किडीवर लक्ष ठेवण्याकरिता प्रकाश सापळे लावतात ते याच कारणाने. रात्रभर शेताकडे तोंड करून ठेवलेला पांढरा झोत म्हणजे शेजार्‍याच्या बांधीवर किडीला दिलेले आमंत्रण होय. शिवाय धान हे लहान दिवसाचे पीक आहे. रात्र मोठी झाली म्हणजे त्याला निसवण्याची वेळ कळते. जुन्या भारी जातींचे जे धान रात्रभर दिव्याखाली राहते ते उशिरा निसवते. म्हणून दिवा शेताच्या बाजूने झाकलेला असावा. त्याचा रंग निळसर पांढरा न घेता पिवळसर घ्यावा. दुकानात मागताना ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी असे मागावे. पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात. किडे आले की बेडूक येतात व बेडकांमागे साप येतात. पावसाळ्यात मंदिराच्या दारी ही साखळी जितकी कमी तितकी बरी.

आता हिशेबाची बाजू पाहू. उंच खांबावर २०० वॅटचे सहा झोत लावले तर भार १२०० वॅट होतो. रात्रीचे अकरा तास ते जळले तर एका रात्रीत १३.२ युनिट आणि वर्षाला ४,८१८ युनिट वीज लागते. उलट २० वॅटचे आठ दिवे मिळून भार अवघा १६० वॅट. संध्याकाळचे चार तास आठही दिवे आणि नंतरचे सात तास वाटेवरचे दोनच दिवे ठेवले तर एका रात्रीत ०.९२ युनिट, वर्षाला सुमारे ३३६ युनिट. विजेचा दर वेळोवेळी बदलतो. हिशेबाकरिता युनिटला ८ रुपये धरले, तर उंच खांबाचे वर्षाचे बिल ३८,५४४ रुपये आणि लहान दिव्यांचे २,६८८ रुपये होते. स्थिर आकार वगैरे यात धरलेले नाहीत. चौदापट फरक आहे. एवढ्या रकमेत मंदिराची पुष्कळ कामे होतील.

हा फरक नव्या दिव्यांमुळे शक्य झाला. जुना पिवळा गोळा एका वॅटला सुमारे बारा-पंधरा लुमेन उजेड देई, आणि बाकीची वीज उष्णतेत जाई. हॅलोजनची गत त्याहून थोडीच बरी. चांगला एलईडी दिवा एका वॅटला शंभराहून अधिक लुमेन देतो. निळ्या एलईडीचा शोध लागल्यामुळे पांढरा दिवा तयार करता आला आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विद्वानांच्या तपश्चर्येचे फळ आता खेड्यातील दुकानात मिळते. पण खरेदी करताना नुसता वॅटचा आकडा न पाहता लुमेनचा आकडा, हमीची मुदत आणि पाणी-धूळ न शिरण्याची खूण, म्हणजे आय.पी. ६५, ही पाहून घ्यावी.

बिलाचा मुद्दा एवढ्याने संपत नाही. २०२१ साली महाराष्ट्रातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज थकबाकीमुळे तोडली गेली, गावेच्या गावे अंधारात गेली आणि सरपंच मंडळींना आंदोलने करावी लागली. त्या साली शासनाने ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्यास सांगितले. यातून घ्यावयाचा बोध असा की, दिवा बसविण्यास पैसा एकदाच लागतो, पण तो जळत ठेवण्यास दरमहा लागतो. खांब देणारे दाते मिळतात. बिल भरणारा दाता मिळणे कठीण, कारण बिलावर दात्याचे नाव कोरता येत नाही! म्हणून देणगीदारांना नम्र विनंती आहे की, जो दिवा देईल त्याने त्या दिव्याच्या पाच वर्षांच्या विजेचीही रक्कम द्यावी. वरील हिशेबाने आठ दिव्यांचे पाच वर्षांचे बिल १३,४४० रुपये, म्हणजे एका दिव्यामागे १,६८० रुपये होते. ही रक्कम मंदिराच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दुसर्‍या कामास लावू नये.

वेळेचेही नियोजन हवे. या भागात डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो व जूनमध्ये सातच्या सुमारास. एकच वेळ ठरवून दिवे लावले तर अर्धे वर्ष उजेडातच दिवे जळतील. अंधार पडताच आपोआप दिवे लावणारा स्विच मिळतो. तो बसवावा आणि रात्री दहानंतर सहा दिवे बंद करणारे घड्याळी स्विच त्याला जोडावे. मंडईच्या वा उत्सवाच्या रात्री हे घड्याळ बाजूला ठेवून सर्व दिवे सुरू ठेवता येतील, अशी सोय असावी.

सौर दिव्यांबद्दल बरेच जण विचारतात. सौर दिवा चांगला. तारा ओढाव्या लागत नाहीत, बिल येत नाही आणि वीज गेली तरी तो जळतो. परंतु झाडाच्या सावलीत तो बसवू नये. पावसाळ्यात ओळीने चार दिवस आभाळ राहिले तर तो मंद होतो, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. म्हणून पायर्‍या, मुख्य वाट व फाटक या तीन ठिकाणी सौर दिवे व बाकी विजेचे, अशी मिसळ केल्यास एक गेले तरी दुसरे राहील.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. उजेड कमी पडला तर माणूस ठेचाळेल, पण खांबात वीज उतरली तर माणूस उठणार नाही. लोखंडी खांब, ओली जमीन आणि अनवाणी भाविक, हे तिन्ही मंदिरात एकत्र येतात. लेकरे खांबाला धरून गोल फिरतात, बाया ओल्या पदराने टेकून उभ्या राहतात. त्याकरिता पुढील बाबींत काटकसर करू नये.

(१) काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल मंदिराच्या दप्तरी ठेवावा.

(२) प्रत्येक खांबास अर्थिंग असावे आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

(३) मेन स्विचपाशी विजेची गळती होताच जोडणी तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. त्यावरील चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

(४) तार जमिनीखालून न्यावयाची तर लोखंडी कवचाची केबल घ्यावी व ती अडीच फूट खोल पुरावी. वर विटांचा थर द्यावा, म्हणजे पुढे खोदणार्‍यास खूण पटेल.

(५) महावितरणच्या तारांखाली खांब उभा करू नये. खांब उभा करताना तो तारेला लागणे हा अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे.

(६) खांबाची जोडपेटी पाणी साचते त्या पातळीच्या वर असावी व तिला कुलूप असावे.

उत्सवातील तात्पुरत्या रोषणाईबाबतही दोन शब्द सांगणे भाग आहे. झाडावरून, पत्र्यावरून, लोखंडी कमानीवरून सोललेल्या तारा नेऊ नयेत. सार्वजनिक उत्सवांसाठी महावितरण तात्पुरती जोडणी देते. तिच्यासाठी वेळेत अर्ज करावा. तारेवर आकडा टाकून देवाच्या दारी उजेड करणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे सोडले तरी आकड्याच्या जोडणीस ना फ्यूज असतो ना अर्थिंग. त्याने चोरी एकाची होते आणि जीव दुसर्‍याचा जातो. कोणास विजेचा धक्का बसलाच तर त्याला हाताने धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवावे. मेन स्विच कोठे आहे हे एकट्या पुजार्‍यास ठाऊक असून भागणार नाही. ते गावातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असावे, आणि त्या जागेवर मोठ्या अक्षरांत पाटी असावी.

शेवटी देखभाल. बसविलेला दिवा पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडतो आणि मग वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे चित्र पुष्कळ गावी दिसते. कारण दिवा सर्वांचा असतो आणि जबाबदारी कोणाचीच नसते. यासाठी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा. दर अमावास्येला दोन तरुणांनी आवारात फेरी मारून कोणता दिवा बंद, कोणता लुकलुकतो, कोणत्या खांबाची पेटी उघडी, हे त्या वहीत लिहावे व खाली सही करावी. अमावास्या यासाठी की त्या रात्री चंद्राची मदत नसते आणि दिव्यांची खरी परीक्षा होते. काचेवरची धूळ व मेलेले किडे वर्षातून दोनदा पुसावेत. नुसत्या धुळीने बराच उजेड अडतो. वही पाहून मंडळाने दुरुस्ती करावी आणि वर्षाचा जमाखर्च ग्रामस्थांपुढे वाचून दाखवावा. देणगीदारास आपल्या पैशाचा उजेड झालेला असा वहीतही दिसला पाहिजे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाची सफाई आणि श्रमदान यांना देवपूजेच्या बरोबरीचे स्थान दिले. गाडगेबाबांनी तीर्थस्थानी येणार्‍या गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. वाट झाडणे, वाट बांधणे ही जशी सेवा, तशीच वाट उजळणे हीदेखील सेवा होय. गाभार्‍यातील समई देवासाठी असते. आवारातील दिवा देवाच्या भेटीस आलेल्या माणसासाठी असतो. कीर्तन संपल्यावर एखादी आजी नातवाचा हात धरून पायर्‍या उतरते, न ठेचाळता वाहनांमधून वाट काढते आणि सुखरूप घरी पोचते. तिला आपल्या वाटेवर दिवा होता हे आठवतही नाही, इतका तो सहज असतो. असा दिवा ज्याने दिला, ज्याने तो नीट बसविला आणि ज्याने दर अमावास्येला जाऊन पाहिला, त्या तिघांचेही पुण्य सारखेच.

ग्रामस्थांनी व मंडळाने या सूचनांचा विचार करावा आणि पुढील मंडईच्या आत हे काम तडीस न्यावे, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥